बंद दिवसाचा साक्षीदार

अक्काचं पत्र अकरा महिने माझ्या टेबलाच्या खणात पडून होतं. हरवलं असतं तर सुटलो असतो, असं मला दोन-तीनदा वाटलं, पण माझ्या हातून काही हरवत नाही. चष्म्याच्या घराखाली, चौकोनी घडी घातलेलं, खण उघडला की पहिलं हाताला लागेल असं ते होतं. पत्र अगदी छोटं.

"बाबू, यंदाच्या बंद दिवशी तू दिवसभर माझ्याकडे होतास. मुलगा म्हणतो, आता हे घर पुरे, माझ्याकडे नवव्या मजल्यावर चल. मी म्हटलं, मामाला विचारू, त्याला खोटं लिहिता येत नाही. तो म्हणाला, ठीक, मामा म्हणेल तसं. तर सांग, मी या घरात एकटी राहू शकते का? हो की नाही, एवढंच लिही. पाल्हाळ नको."

महत्त्वाचं विचारायचं ते पत्रातून, आणि उत्तर द्यायचं तेही पत्रातूनच, हा आमच्या वडिलांचा नियम. तोंडावर विचारलं की माणूस भिडेला बळी पडतो, असं ते म्हणत. मी त्या पत्राला सात उत्तरं लिहिली आणि सातही फाडली. छापखान्यात एकेचाळीस वर्षं मी मुद्रितं तपासली, म्हणजे लोकांच्या चुका काढण्याचा पगार घेतला. पण 'हो' लिहिलं की ते मलाच खोटं दिसे, आणि 'नाही' लिहायला हात उचलत नसे.

कारण मी एक गोष्ट पाहिली होती आणि बंद दिवसाच्या वहीत लिहिली नव्हती. गेल्या बंद दिवशी दुपारी अक्का जिन्याच्या मधल्या पायरीवर बसलेली मला दिसली. एक हात कठड्याला, दुसरा गुडघ्यावर. तिला ना वर जाता येत होतं ना खाली. मी स्वयंपाकघराच्या दाराआड उभा होतो. पुढे व्हावं, तर तिला लाज वाटेल. मागे व्हावं, तर पायाचा आवाज होईल. या विचारात वीस मिनिटं गेली. शेवटी ती कशीबशी उतरली. मी वहीत 'दुपारी पाणी आणलं' एवढंच लिहिलं. ते खोटं नव्हतं. पण ते खरंही नव्हतं.

माझं उत्तर आलं नाही तेव्हा तिच्या मुलाने वर्षाची मुदत दिली. पुढच्या बंद दिवशी सूर्य मावळला की मामाने वही वाचायची, आणि तिथल्या तिथे सांगायचं. आई राहते की निघते.

तो दिवस आता उजाडला होता. मी पहिल्या बसने उतरून फाटकाशी पोहोचलो तेव्हा अक्का कुलपाला तेल घालत होती.

"उत्तर नाही आलं, पण माणूस आला," ती म्हणाली. "ये. बूट तिथे नको, दाराच्या वाटेत येतात."

मी बूट उचलले.

*

आम्ही लहान असताना गावात पूर आला आणि नऊ दिवस आम्ही घरात अडकलो. घरात खाण्याचे अकरा डबे होते आणि ते उघडायचं हत्यार एकही नव्हतं. बॅटरी होती, तिच्यात सेल नव्हते. वडील पाणीपुरवठ्यात, साऱ्या गावाच्या झडपा त्यांच्या हाताखाली, आणि घरची झडप कुठे आहे ते आईला शेजाऱ्याने दाखवलं. पाणी ओसरल्यावर वडिलांनी ठरवलं की वर्षातून एक दिवस आपलं आपण सगळं बंद करायचं. उजाडल्यापासून मावळेपर्यंत वीज नाही, नळ नाही, फाटकाबाहेर पाऊल नाही. घरात आहे त्यावर घर चालवायचं. एकाने काही न करता फक्त बघायचं आणि लिहायचं. पहिल्याच वर्षी मी कंदिलाची काच फोडली, तेव्हा वडील म्हणाले, "याला काही करू देऊ नका. याला लिहू द्या." तेव्हापासून साक्षीदार मीच. बासष्ट वर्षं झाली.

अक्काने मात्र त्या एका दिवसाची सवय केली आणि ती वर्षभर पाळली. बस आगाराच्या सुट्या भागांच्या भांडारात तिने एकतीस वर्षं काढली होती. "अर्धं झालं म्हणजे संपलं," हे तिचं वाक्य. मिठाची बरणी अर्ध्यावर आली की दुसरी बरणी घरात आलेली असायची. झोपताना चपला पलंगाशी, पण बोटं दाराकडे. किल्ल्या एकाच खिळ्याला. रात्री किटली भरल्याशिवाय ती अंथरुणाला पाठ टेकायची नाही. साठा सगळा वरच्या खोलीत, कारण पूर खालून येतो. आणि वरच्या खोलीला चौदा पायऱ्यांचा जिना होता.

सहा वाजता मुलाची गाडी आली. आधी सून उतरली, मग नात, आणि शेवटी तो, दोन्ही हातांत तीन पिशव्या घेऊन.

"आला आमचा जनरेटर," अक्का म्हणाली. त्याच्या इमारतीत वीज गेली की चार सेकंदांत जनरेटर सुरू होतो, हे त्याने एकदा अभिमानाने सांगितलं होतं. ते नाव त्याला तेव्हाच चिकटलं. तो लिफ्ट दुरुस्त करतो, त्यामुळे जिना म्हटलं की त्याच्या कपाळाला आठी पडते.

"आई, टोमणे नंतर. मेन स्विच मी बंद करतो, तू स्टुलावर चढू नकोस."

"मी कुठे चढते? काठी आहे." तिने दारामागची काठी घेतली, टोकाच्या आकड्याने खटका खाली ओढला. घर शांत झालं.

फक्त स्वयंपाकघरातला दिवा तसाच जळत होता.

आम्ही पाचही जण त्या दिव्याकडे बघत उभे राहिलो. बंद दिवशी पेटलेला दिवा आमच्या घरात कुणी पाहिला नव्हता. अक्काने काठीने खटका वर केला, पुन्हा खाली केला. दिवा जळतच राहिला.

"भूत आहे," नात म्हणाली. ती पोहायला शिकवते, वय चोवीस. लहानपणी उशीखाली बिस्किटं साठवायची म्हणून तिला सगळे खार म्हणतात.

"भूत कसलं," सून नवऱ्याकडे बघत म्हणाली. "अहो, तुम्ही तो इन्व्हर्टर बसवून गेलात ना?"

जनरेटरचे कान लाल झाले. "मीच बसवलाय. आईला अंधारात धडपडायला नको म्हणून. विसरलो."

"तो डबा होय?" अक्का म्हणाली. "मी त्याच्यावर चादर घालून इस्त्रीचे कपडे ठेवते. चांगला आहे, उंचीला बरोबर आहे."

"त्याचं बटण कुठे आहे?"

"तू बसवलास, तू सांग."

बटण सापडेना. बसवणाऱ्याला फोन करावा, तर फोन नियमाप्रमाणे बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात गेलेले. जनरेटर कपाटामागे अर्धा आत शिरला. तेवढ्यात अक्काने फडकं घेतलं, हात वर केला आणि दिवाच काढून ओट्यावर ठेवला.

"झालं बंद," ती म्हणाली. "निघ बाहेर, कोळीष्टकं लागतील."

मी लिहिलं: सहा वीस. दिवा, अक्का. इन्व्हर्टर, कुणी नाही.

*

कपाटामागून निघाल्यावर जनरेटर माझ्याशेजारी येऊन बसला. केसांतलं जाळं काढत हळू आवाजात बोलू लागला. हे त्याचं बोलणं मी जमेल तसं देतो. माझ्या हातात पडलं की दुसऱ्याचं दुःखही जरा व्यवस्थित होऊन जातं, हा माझा दोष आहे.

"मामा, तुला वाटतं मी तिला पकडून नेतोय. थंडीत एकदा मी तिला तीनदा फोन केला. उचलला नाही. हातातलं काम टाकून तासभर गाडी चालवत आलो. येताना रस्ताभर काय काय मनात आलं ते कुणाला सांगणार नाही. आणि ही बाई शिडीवर. पन्हळ साफ करतेय. म्हणते, दोन्ही हात कामात होते, तिसरा कुठून आणू?"

"शिडी कुणी धरली होती?"

"कुणी नाही. तिने दोरीने खांबाला बांधली होती." त्याने हाताला चिकटलेलं जाळं पँटला पुसलं. "नीट बांधली होती, हे खरं. पण मामा, आता फोन वाजला आणि तिचं नाव दिसलं की मी आधी भिंतीला टेकतो, मग उचलतो. मला हे असं आयुष्यभर जमायचं नाही."

मी म्हटलं, "पाणी देऊ?"

"तू काही करायचं नसतं आज," तो हसून म्हणाला.

सुनेचं म्हणणं वेगळं होतं. ते मला दुपारी, ती बटाटे सोलत असताना, आपसूक कळलं. ती वृद्धांच्या वॉर्डात परिचारिका आहे, चौदा वर्षं. घरातही सगळे तिला सिस्टर म्हणतात, अक्कासुद्धा.

"मामा, खरं सांगू? आई आमच्याकडे आल्या तर आठ दिवसांत माझ्या कपाटाला नंबर लागतील. मी रात्रपाळी करून येणार आणि मला चहा सापडणार नाही. मला त्या आवडतात. पाहुण्या म्हणून फार आवडतात." तिने सोललेला बटाटा पाण्यात टाकला. "पण हे म्हणायची माझी सोय नाही. सून म्हणाली की सासू नको, एवढंच ऐकू येतं सगळ्यांना. म्हणून मी गप्प आहे. नवरा म्हणतो चला, तर चला."

"आणि खार?"

"ती आजीच्या पार्टीची. तिला वाटतं आजी पडूच शकत नाही."

स्टोव्हवर एकच पातेलं होतं. खाली बटाटे, वर अंडी, आणि झाकणावर पाव गरम होत होते. एका आगीवर तीन कामं. तेच गरम पाणी पुढे भांडी धुवायला जायचं. अक्का कुणाला काही सांगत नव्हती, पण प्रत्येकाचा हात बरोबर वस्तूवर पडत होता. चमचे खिडकीखाली, काडेपेटी स्टोव्हच्या डाव्या हाताला, दुसरी काडेपेटी तिच्या खिशात.

"आजी, प्यायचं पाणी संपत आलं," खारने हाक मारली. "मी आणते वरून."

"तू पाव बघ. पाणी घरमालकीण आणते. नियम आहे."

"हा नियम कधी झाला?"

"आत्ता."

अक्का जिन्याकडे गेली. मी वही घेऊन उठलो. या वर्षी दाराआड उभं राहायचं नाही, एवढं मी बसमध्येच ठरवलं होतं. मी जिन्याच्या पायथ्याशी जाऊन उघड्यावर उभा राहिलो.

ती कठड्याला धरून वर गेली, प्रत्येक पायरीवर दोन्ही पाय टेकवत. वर बाटल्यांचा आवाज झाला. मग ती जिन्याच्या तोंडाशी आली. गळ्यात आडवी पिशवी, तिच्यात दोन बाटल्या. आणि ती खाली बसली.

गेल्या वर्षीसारखंच.

पण ती थांबली नाही. तिने पिशवी मांडीवर घेतली, दोन्ही तळवे बाजूला टेकवले, पाय खालच्या पायरीवर ठेवले आणि अंग उचलून एक पायरी खाली आली. मग दुसरी. दर तीन पायऱ्यांना ती थांबून दोन श्वास घेई. घाई नाही, कण्हणं नाही. एखादं मूल उतरतं तसं म्हणावं, तर मूल एवढ्या शिस्तीने उतरत नाही. मधल्या पायरीवर आल्यावर तिने माझ्याकडे पाहिलं.

"बघितलंस? मग लिही."

"अक्का..."

"गेल्या वर्षी दाराआडून बघत होतास. मला तुझा चष्मा दिसत होता फटीतून."

मला जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. "तुला ठाऊक होतं?"

"म्हणून तर पत्र लिहिलं. म्हटलं, याने पाहिलंय, हा सांगेल. तू गप्प बसलास. तुझं गप्प बसणं म्हणजे 'नाही', एवढं मला कळतं की. बहीण आहे." ती आणखी एक पायरी उतरली. "मग म्हटलं, बाबूचं बरोबर आहे. मी अडकले होते. उभ्याने गुडघा वळत नाही, आणि मी उभ्यानेच उतरायचा हट्ट धरून बसले होते. दुसऱ्या दिवसापासून शिकायला घेतलं. आधी तीन पायऱ्या. मग सात. आता चौदा. रोज सकाळी, चहाच्या आधी."

"कुणाला सांगितलं नाहीस?"

"काय सांगू? शहाण्णव साली आगारात उत्तम भांडारपाल म्हणून शाल मिळाली होती, ती बाई आता बुडावर घसरत उतरते?" ती शेवटच्या पायरीवर आली, कठडा धरला, उठली आणि कपडे झटकले. "आता तू ठरव काय लिहायचं ते. मी सांगणार नाही. सांगितलं तर ती साक्ष कसली?"

ती बाटल्या घेऊन निघून गेली. मी घड्याळ पाहून लिहिलं. अक्षर वाकडं आलं, पण लिहिलं.

*

सूर्य समोरच्या गोदामाच्या छपरामागे गेला तेव्हा आम्ही सगळे पुढच्या खोलीत बसलो. दिवस छान गेला होता, हे म्हटलं पाहिजे. जेवण वेळेवर झालं होतं. दुपारी पत्ते झाले, त्यात सून तीनदा जिंकली आणि जनरेटर तिला पत्ते लपवतेस म्हणाला. खार खिडकीत बसून आजीच्या केसांना तेल लावत होती. कुणालाही हा दिवस संपावा असं वाटत नव्हतं. मला तर मुळीच नाही.

"वाच, मामा," जनरेटर म्हणाला.

मी वाचू लागलो. माझा आवाज अशा वेळी आधी घशात अडकतो, मग एकदम मोठा निघतो. दिवा, झडप, स्टोव्ह, जेवण. सगळे मान डोलवत होते. मग मी त्या ओळीशी आलो. क्षणभर वाटलं, पान चिकटलं असं दाखवावं. आणि मग वाचली.

"बारा चाळीस. अक्काने वरून दोन बाटल्या आणल्या. जिना बसून उतरली. चौदा पायऱ्या, सहा मिनिटं."

खारचा हात आजीच्या केसांत थांबला.

"बसून म्हणजे?" जनरेटर म्हणाला.

"बसून म्हणजे बसून," अक्का म्हणाली.

"आई, तुला उभ्याने जिना उतरता येत नाही?"

"नाही."

"कधीपासून?"

"वर्ष झालं."

तो उठला. "झालं तर मग! आणखी काय ऐकायचं राहिलंय? मामा, तू हे गेल्या वर्षीच सांगायला हवं होतंस. तुला माहीत होतं की नाही?"

"होतं," मी म्हटलं. हा शब्द मात्र पहिल्या झटक्यात निघाला. "मी गेल्या वर्षी लिहिलं नाही. माझी चूक."

"आजी, तू मला तरी सांगायचंस ना," खार म्हणाली. तिचा आवाज भरून आला होता. "मी इथे सगळ्यांशी भांडते, आजीला काही होत नाही म्हणून. मला मूर्खात काढलंस. बाबांचं बरोबर आहे. तू चल आमच्याकडे."

"आता तूही फिरलीस?" अक्का म्हणाली, आणि मला पहिल्यांदा तिचा चेहरा म्हातारा दिसला.

"पायऱ्यांवर हात कुठे ठेवता?" हा प्रश्न सुनेचा होता. सगळ्यांनी तिच्याकडे पाहिलं. "आई, तुम्हाला विचारतेय. हात मागे ठेवता की बाजूला?"

"बाजूला."

"वजन कुठल्या पायावर?"

"उजव्या. डावा नुसता टेकवते."

"आणि दोन्ही हात मोकळे. पिशवी गळ्यात." सून नवऱ्याकडे वळली. "अहो, माझ्या वॉर्डात जे येतात ना, मांडीचं हाड मोडून, ते बसून उतरणारे नसतात. ते म्हणतात, मला काय धाड भरलीय, मी उभ्यानेच जाणार. आम्ही लोकांना महिना महिना हेच शिकवतो. लोक रुसतात, रडतात, पण बसत नाहीत. लाज वाटते. यांनी आपलं आपण शिकून घेतलंय."

"म्हणजे तू म्हणतेस आईने इथेच राहावं?" त्याच्या आवाजात राग कमी, आश्चर्य जास्त होतं. "तू तर गप्प होतीस."

"मला कुणी विचारलं नव्हतं. आता विचारलंत तर सांगते." तिने पत्ते गोळा करून नीट गठ्ठा केला. "हो. राहावं. आणि माझं कपाट माझंच राहील, हाही फायदा आहे, खोटं कशाला बोलू?"

अक्का मोठ्याने हसली. जनरेटर हसला नाही.

"दाखव," तो आईला म्हणाला. "मला बघू दे."

आम्ही सगळे जिन्याशी गेलो. अक्का वर गेली, वळली, बसली आणि उतरू लागली. तो खालून प्रत्येक पायरीला हात पुढे करत होता, ती प्रत्येक वेळी "हो बाजूला" म्हणत होती. ती उतरली. मग तो स्वतः वर गेला, वरच्या पायरीवर बसला आणि उतरायला लागला. तिसऱ्या पायरीला त्याची पँट खिळ्यात अडकली. पाचव्या पायरीला त्याचा तोल गेला आणि त्याने कठड्याला मिठी मारली.

"पोट मध्ये येतंय," सून म्हणाली.

"हात बाजूला, बाबा! मागे नको!" खारने डोळे पुसत ओरडून सांगितलं. पाण्यात लोकांना शिकवताना ती असंच ओरडत असावी. "श्वास घ्या! घाई काय आहे?"

तो खाली पोहोचला तेव्हा धापा टाकत होता. शेवटच्या पायरीवर तसाच बसून राहिला. आईही त्याच्याशेजारी बसली. तिने त्याच्या गुडघ्यावरची धूळ झटकली.

"सोपं नाहीये," तो म्हणाला.

"नाहीच."

"रोज करतेस?"

"चहाच्या आधी."

त्याने माझ्याकडे पाहिलं. "मामा, ठरल्याप्रमाणे शब्द तुझा. सिस्टर काय म्हणते, खार काय म्हणते ते राहू दे. आई राहू शकते का? हो की नाही?"

चौघेही माझ्याकडे बघत होते. मला उत्तर माहीत होतं. अकरा महिन्यांत प्रथमच ते मला स्पष्ट माहीत होतं. मी तोंड उघडलं आणि जे निघालं ते असं: "पत्र... पत्राने विचारलं होतं. पत्राने सांगतो."

"अरे देवा," जनरेटरने कपाळावर हात मारला. "मामा, ती इथे बसलीय! दोन हातांवर!"

"नियम आहे," अक्का म्हणाली. "अकरा महिने थांबले, आणखी दोन दिवस थांबेन. लिही बाबू. पाल्हाळ नको."

*

वीज सुरू झाली, नळ सुरू झाला, फोन डब्यातून निघून सगळे एकदम वाजू लागले. खार ओट्यावरचा दिवा पुन्हा बसवत होती. सून कपाटामागे वाकून म्हणाली, "अहो, हे बघा बटण, इथे तर आहे, लाल." मी त्या गडबडीत जेवणाच्या टेबलाशी बसलो. एरवी मला लिहायला शांतता लागते. त्या दिवशी लागली नाही.

"अक्का, उत्तराला फार उशीर झाला. हो. तू या घरात एकटी राहू शकतेस. तू विचारलंस तेव्हा खरं उत्तर 'नाही' होतं आणि ते लिहायचं धाडस मला झालं नाही. यंदा उत्तर बदललं. ते मी नाही बदललं, तू बदललंस. ज्या दिवशी बसूनही उतरता येणार नाही, त्या दिवशी पुन्हा विचार. त्याचं उत्तर मी त्याच दिवशी टाकीन, मग ते काहीही असो. बाबू."

दोन ओळी पाल्हाळ झालंच. काढावं का, याचा विचार करत बसलो असतो तर आठवं पत्रही फाटलं असतं. मी घडी घातली. पाकीट अक्काने दिलं, तिकीट लावूनच. तिच्याकडे अशी तयार पाकिटं असतात हे मला त्या दिवशी कळलं. पत्ता मात्र मी लिहिला, ज्या घरात बसलो होतो त्याच घराचा.

"हातात दे की, मामा," जनरेटर फाटकाशी म्हणाला.

"पत्र पोस्टाने येतं," अक्का आतून म्हणाली.

पेटी कोपऱ्यावर, गोदामाच्या भिंतीला. तो माझ्याबरोबर चालत आला. उजेड अजून पुरता गेला नव्हता. दुकानांतून दिवे लागत होते.

"काय लिहिलंस?"

"पत्र तुला नाही."

त्याने माझ्या चेहऱ्याकडे नीट पाहिलं. मला चेहरा लपवता येत नाही. तेही मी कधी शिकलो नाही. मग तो म्हणाला, "त्या जिन्याला दुसऱ्या बाजूलाही कठडा हवा. येत्या रविवारी येऊन बसवतो. आणि तो खिळा काढतो."

"काढ," मी म्हटलं.

"आणि फोन तिने रोज करायचा. जिना उतरल्यावर. चहाच्या आधी. हे मी तिला पत्राने कळवू का तोंडी चालेल?"

"तोंडी विचार. ती नाही म्हणाली तर पत्र लिही."

पेटीच्या फटीत पाकीट अर्धं सरकवून मी थांबलो. पत्ता पुन्हा वाचला. चूक नव्हती. मी बोटं सोडली.

परत फिरलो तेव्हा अक्का फाटकाच्या आत उभी होती, एक हात कडीवर.

"टाकलंस का?" तिने लांबूनच विचारलं.

"टाकलं."

"बरं," ती म्हणाली. "परवा येईल." आणि किटली भरायला आत गेली.